चिमटीच्या दारावर टोपली

खाडीच्या चिखलात राहायची चिमटी. तांदळाएवढी. कोळंबीसारखी वाकडी. पाय चौदा, आणि एक पाय स्वस्थ बसेल तर शपथ.

पिलं ठेवली बिळात आणि गेली कुजकं पान आणायला. पिलांना कुजकं पान फार आवडायचं.

परत येते तो काय? दारावर टोपली!

बायजामावशी आली होती तिसऱ्या काढायला. तिसऱ्या म्हणजे चिखलातल्या शिंपल्या. मावशीला दिसलं एक भोक. तिला वाटलं, इथे तिसरी आहे. खूण म्हणून तिने टोपली ठेवली. पण ते तर चिमटीचं दार!

आतून पिलं म्हणाली, "आई, भूक." चिमटीचा जीव वरखाली झाला.

"टोपली टोपली, हल ना. पिलं आत, मी बाहेर."

टोपली म्हणाली, "मावशी उचलेल तर हलेन."

चिमटी निघाली. सुळुक सुळुक.

"मावशी मावशी, टोपली उचल ना. टोपली हलेना, पिलं आत, मी बाहेर."

मावशी म्हणाली, "रिकामी टोपली घेऊन घरा कशी जाऊ गो? तिसऱ्या वर येतील तर उचलीन."

सुळुक सुळुक.

"तिसऱ्यांनो तिसऱ्यांनो, वर या ना. मावशी उचलेना, टोपली हलेना, पिलं आत, मी बाहेर."

तिसऱ्या म्हणाल्या, "चिखल घट्ट झालाय. जीव गुदमरतोय. चिखल मऊ होईल तर येऊ."

सुळुक सुळुक.

"चिखला चिखला, मऊ हो ना. तिसऱ्या येईनात, मावशी उचलेना, टोपली हलेना, पिलं आत, मी बाहेर."

चिखल म्हणाला, "पाणी आत येईल तर होईन."

सुळुक सुळुक. पाय दुखले, तरी सुळुक सुळुक.

"पाण्या पाण्या, आत जा ना. चिखल मऊ होईना, तिसऱ्या येईनात, मावशी उचलेना, टोपली हलेना, पिलं आत, मी बाहेर."

पाणी म्हणालं, "भोक असेल तर जाईन."

"भोक कोण पाडणार?"

पाणी हसलं. "रोज कोण पाडतं? आज नुसती पळतेयस."

चिमटीने पायांकडे पाहिलं. चौदाही पाय वळवळत होते. तिने पान ठेवलं खाली.

खुरु खुरु, खुरु खुरु. इथे भोक. तिथे भोक.

पाणी गेलं आत, बुडबुड. चिखल झाला मऊ, पचपच. तिसऱ्या आल्या वर, टकटक. मावशीने ओच्यात वेचल्या, खळखळ. आणि टोपली उचलली, हुप्प!

दार उघडलं. मावशी वाकून बघते, तर पिलांच्या इवल्या इवल्या मिशा.

"अगो बाय, घर होतं होय तुजं? आता टोपली दगडावर ठेवीन हां."

पान आलं दारात. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.

पिलं आत, आईही आत.