रिकाम्या घरातला चोर

घरातल्या वस्तू माणसांपेक्षा जास्त बोलू लागल्या, त्या काळातली ही गोष्ट. भालचंद्र खोतांनी फोनला बजावलं होतं, "मी बाहेर पडलो की पहारा सुरू, परत आलो की बंद." घरातल्या बाईला विचारायची पद्धत त्या घरात नव्हतीच.

खोत ऑफिसला निघाले. कोपऱ्यावरूनच फोनने घरातल्या कॅमेऱ्याला आणि भोंग्याला कळवलं, "घर रिकामं झालं रे!" तेवढ्यात खोतांच्या पत्नी कुमुदताई झारा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"चोर!" कॅमेरा किंचाळला. भोंग्याने बोंब ठोकली.

"मेल्यांनो, कढईत वडे आहेत माझे! लग्न झाल्यापासून इथेच राहतेय मी!"

"सगळे चोर असंच म्हणतात," भोंगा म्हणाला.

खोत धापा टाकत परतले. त्यांनी फोन बंद करून चालू केला, नकाशावरचं घराभोवतीचं वर्तुळ लहानमोठं करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते निघताच पुन्हा तीच बोंब, पुन्हा वडे करपलेले.

"बिघाड आहे तरी कुठे?" परत आलेले खोत फोनवर खेकसले.

"बिघाड नाही, साहेब," फोन म्हणाला. "घरात आणखी कोण राहतं, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुम्ही 'कोणी नाही' म्हणालात."

"अगं, घाईत होतो मी..." खोत कुमुदताईंकडे वळून म्हणाले.

कुमुदताईंनी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि बहिणीकडे निघून गेल्या.

"आता घर रिकामं झालं का रे?" भोंग्याने हळूच विचारलं.

खोत घराच्या मधोमध उभे होते. फोन म्हणाला, "हो. आता झालं."