फोटोखालची ओळ

“पण माझ्या धड्याला हात लावायचा हक्क त्या बाईंना दिला कुणी?”

मंगेश ढाकणे ओसरीवर टेकलासुद्धा नव्हता. चपला पायात, मोबाईल हातात.

“तूच दिलास,” ठोंबरेबाई म्हणाल्या. त्या नवरात्रातली उद्याची, तिसरी माळ ओवत होत्या.

ठोंबरेबाई म्हणजे तालुक्यातल्या निम्म्या मास्तरांच्या गुरू. मंगेशच्या आणि माझ्याही. निवृत्त झाल्या तशा त्यांनी आपले सगळे धडे इंटरनेटवर मोकळे सोडले. कुणीही घ्या, वर्गात दाखवा, बदला. फक्त कुणाचं काय ते खाली लिहा. मग इतरांनीही आपापले धडे त्यात घातले. मंगेशचा ‘चंद्राच्या कला’ हा एकच, पण तोरा... विचारू नका!

“महिनाभर खपलो मी, बाई. आणि त्या गडचिरोलीकडच्या कौसल्या मडावींनी माझा चंद्र काढून स्वतःचा घातला. मोबाईलवरचा, धुरकट! काढून टाका त्यांचा धडा.”

“तुझ्या चंद्राचा फोटो कुणाचा?”

“नेटवरचा आहे. वापरायला परवानगी होती.”

“कुणाचा?”

“खाली ओळ होती. मी कापली. पोरांचं लक्ष उगाच तिकडं जातं.”

बाईंनी मोबाईल मागून घेतला, मूळ फोटो शोधला, ओळ मोठी करून त्याच्यापुढं धरली. एका माणसाचं नाव. पुढं गाव : वेलिंग्टन, न्यूझीलंड.

मंगेशला काही उमगेना. बाईंनी सुई खाली ठेवली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला अंगणात आणलं. दिवस नुकताच मावळला होता. पश्चिमेला द्वितीयेची कोर, उजव्या अंगानं उजळलेली. मोबाईलमधली डाव्या.

“पृथ्वीच्या त्या अंगाला उलटी दिसते रे बाबा. फोटो खोटा नाही. तिथला आहे.”

मी तर बघतच राहिलो. वीस वर्षं चंद्र शिकवतोय, मंगेशचा धडाही दोनदा पाहिलेला. मला कुठं खटकलं होतं?

मंगेशनं चपला काढल्या, पायरीवर बसला.

“वर्गात एक पोरगी म्हणाली होती... सर, आमच्या घरून ही दुसऱ्या बाजूनं दिसते.”

“मग?”

“मी म्हटलं, फोटोपेक्षा तुला जास्त कळतं का? बस खाली. सगळे हसले. तेव्हापासून ती हात वर करत नाही, बाई.”

ओसरीवर येऊन बाईंनी पुन्हा माळ हातात घेतली.

“मडावीबाईंचा धडा राहू द्या,” मंगेश म्हणाला. “मी माझाच काढून टाकतो.”

“काढू नकोस. दुरुस्त कर.”

तो तिथंच बसला. मडावीबाईंचा धडा त्यानं पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिला. खाली पहिलीच ओळ होती : मूळ धडा, मंगेश ढाकणे. बिचाऱ्याचा चेहरा उतरला.

मग त्यानं त्यांचा धुरकट चंद्र आपल्या धड्यात घेतला. शेजारी जुना ठेवला, ‘तिकडून अशी दिसते’ म्हणून. दोन्हींखाली नावं लिहिली, गावं लिहिली. मला वाचून दाखवलं. खरं सांगतो, त्या घटकेला मला त्याचं फार कौतुक वाटलं.

“झालं, बाई. सगळ्यांची नावं आली.”

बाईंनी शेवटचं फूल ओवलं. गाठ मारली.

“त्या पोरीचं?”