मागच्या सालीतलं भोक

ऐनाच्या झाडाच्या ढोलीत मधमाश्यांचं एक पोळं होतं, त्या काळची ही गोष्ट. एकदा एक गांधीलमाशी आत शिरता शिरता राहिली आणि पहाऱ्यावरची नायकीण धास्तावली. तिने फर्मान काढलं, की दारात प्रत्येकीने ठरलेला नाच करूनच आत यायचं, आणि तो नाच रोज बदलायचा.

टिपरी नावाची माशी रानातून पराग आणायची. भरल्या पायांनी, वाऱ्यात नाचताना पाऊल चुकलं की पहारेकरणी तिला हाकलून देत. तिची बहीण अशीच नाचता नाचता दमून खाली पडली आणि मुंग्यांनी तिला ओढून नेलं. त्या दिवशी टिपरीने ढोलीमागच्या कुजक्या सालीत भोक पाडलं. हळूहळू सगळ्याच तिथून ये-जा करू लागल्या.

एका दुपारी त्याच भोकातून गांधीलमाश्या घुसल्या आणि निम्मी पिल्लं फस्त करून गेल्या.

राणीपुढे नायकीण कडाडली, "भोक कुणी पाडलं?"

"मी," टिपरी पुढे आली. "पिल्लांचं पाप माझ्या माथी आहेच. पण नायकीणबाई, ओझं घेऊन तुम्ही कधी त्या दारातून आलात?"



"भोक आत्ताच्या आत्ता बुजव," राणी म्हणाली.

"बुजवते, राणीआई. पण नाच तसाच चालू राहिला तर उद्या दुसरी कुणी नवं भोक पाडेल. घरच्या माशीला घरचा वास असतो. आम्ही नाचायचं कशाला? पहाऱ्यावर बसलेल्यांनी हुंगावं!"

रानात जाणाऱ्या सगळ्या माश्या टिपरीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. राणीने त्यांच्याकडे पाहिलं, मग नायकिणीकडे वळली.

"जा, दारात बस," ती म्हणाली, "आणि हुंगायला शीक."