नावाड्याच्या घागरी

फार पूर्वी एका नदीने पात्र बदललं आणि काठावरच्या गावातल्या नावाड्याची नाव वाळूत बसली. वय चाळिशीपार, घरात बायको आणि दोन मुली, दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. तो गावातल्या म्हाताऱ्या कुंभाराकडे गेला आणि म्हणाला, "बाबा, मला घागरी घडवायला शिकवा."

कुंभार एकटा होता. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. तो लगेच हो म्हणाला.

पहिला आठवडा त्याने नावाड्याला चांगलंच फैलावर घेतलं. चिखलात खडे राहिले म्हणून तीनतीनदा तुडवायला लावला. पहिली घागर तर हातात घेऊन सरळ मोडून टाकली. "याला बूड म्हणतात होय?" नावाड्याचा चेहरा पडला. चाळिशीत बोलणी खायची सवय राहिलेली नसते. पुढचे दोन दिवस तो फिरकलाच नाही.

ते दोन दिवस म्हाताऱ्याला घर खायला उठलं. तिसऱ्या दिवशी नावाडी परत आला, तेव्हा म्हाताऱ्याने मनाशी ठरवूनच टाकलं की याला आता दुखवायचं नाही.

घागर चाकावरून उतरते तेव्हा तिला बूड नसतं. ती अर्धवट सुकली की आतून गुळगुळीत दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीने थोपटत थोपटत बूड बंद करायचं. खरी कुंभारकी तिथेच आहे. नावाड्याचा हात कच्चा, त्याचं बूड नीट मिटायचंच नाही. पण तो दुपारी जेवायला घरी गेला की म्हातारा त्याची एकेक घागर मांडीवर घेऊन पुन्हा थोपटायचा. नावाडी आला की म्हणायचा, "वा गड्या! हात बसला तुझा."

भट्टीतून निघालेली प्रत्येक घागर टिचकी मारली की खणखणीत वाजायची. फुटकी घागर कशी वाजते, हे नावाड्याने कधी ऐकलंच नाही. असं वर्ष गेलं.

पलीकडच्या गावात कुंभार नव्हता. त्यांनी नावाड्याला बोलावलं, राहायला घर आणि वर्षाचं धान्य द्यायचं कबूल केलं. खरं सांगायची म्हाताऱ्याला ही शेवटची संधी होती. पण तो डोळे पुसत म्हणाला, "जा बाबा, सुखी राहा." लोक याला माया म्हणतात. मी म्हणणार नाही.

तिथे नवी भट्टी बांधण्यात काही महिने गेले, आणि पहिली भट्टी लागली ती अक्षय्य तृतीयेसाठी. त्या दिवशी नव्या घागरीत पाणी भरून पितरांपुढे ठेवतात, आणि पितरांची घागर घेणाऱ्याने वाजवून पारखायची नाही, अशी त्या गावची रीत होती. नावाड्याने साठ घरांच्या साठ घागरी भाजल्या. भट्टीतून काढताना त्याने टिचकी मारली तर सगळ्या बद्द वाजल्या. त्याला वाटलं, इकडच्या मातीचा आवाजच असा असेल.

सकाळी पाणी भरलं. नैवेद्याची वेळ होईपर्यंत घरोघर बुडातून पाणी गळून गेलं होतं. "आमचे पितर तहानलेले गेले!" गाव खवळलं. दिवस मावळायच्या आत नावाडी बायकामुलींसह वेशीबाहेर होता.

तो तडक म्हाताऱ्याकडे आला. "बाबा, इथे माझी एकही घागर गळली नाही. तिथे साठच्या साठ गळल्या. असं का झालं?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "तू जेवायला गेलास की मी बुडं पुन्हा थोपटायचो."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"रागावलो तर तू दोन दिवस आला नाहीस रे. मला बोलायला दुसरं आहे कोण?"

"सोबतच हवी होती ना? मागितली असतीत तर रोज येऊन बसलो असतो," नावाडी म्हणाला. "त्यासाठी माझ्या लेकरांचा घास का हिरावलात?"

"बस. आजपासून खरं शिकवतो," म्हणत म्हाताऱ्याने थापी उचलली. पण एवढ्या महिन्यांत वयाने त्याच्या हातातलं कसब गेलं होतं. दुसऱ्याच फटक्याला कच्ची घागर आत चेपली. नावाडी उठून निघून गेला.

नावाडी पुढे जन्मभर वीटभट्टीवर राबला. चिखल मात्र त्याच्यासारखा कुणी तुडवत नसे. तेवढं एकच काम म्हाताऱ्याने त्याला रागावून शिकवलं होतं.

तात्पर्य: शिकणाऱ्याची चूक त्याच्यामागे गुपचूप निस्तरणारा त्याच्यावर उपकार करत नाही, त्याची विद्याच चोरतो, आणि हे मायेच्या नावाखाली केलं म्हणून नुकसान कमी होत नाही.