सुरईच्या गळ्यातले हरभरे

फार जुनी गोष्ट आहे, घरातली भांडी एकमेकांशी बोलत तेव्हाची. एका कोठीघरात मातीची एक सुरई होती. घरच्या बाईने उंदरांच्या भीतीने बियाण्याचे हरभरे तिच्यात गळ्यापर्यंत भरून ठेवले होते. सुरई त्यांना लेकरं म्हणायची आणि डोळ्यांत तेल घालून जपायची.

एकदा छपराचं कौल सरकलं आणि नेमकं तिच्या तोंडात पाणी ठिबकू लागलं. कोरडे दाणे पाणी पिऊन फुगू लागले.

शेजारची परात म्हणाली, "सुरईबाई, जरा कलंडा. थोडे दाणे माझ्यात येऊ देत. भिजल्या दाण्याला जागा लागते."

"आणि उंदरांनी नेले म्हणजे? माझी लेकरं माझ्या पोटातच बरी."

दाणे आतून रेटू लागले. सुरईला वाटलं, किती बिलगतात मला. मग तळातला एक दाणा म्हणाला, "आई, दुखतंय." तेव्हा कुठे ती घाबरून कलंडली. पण एकही दाणा बाहेर पडला नाही. येताना सुटे आलेले दाणे आता फुगून गळ्यात एकमेकांना अडले होते.

"जा रे बाळांनो," ती विनवत राहिली.

"वाट कुठंय, आई?"

उजाडायच्या आत तिचं पोट उभं फुटलं. सांडलेले दाणे उंदरांनी सावकाश खाल्ले. गळ्याच्या खापरीत मात्र काही दाणे चेपून तसेच अडकले होते. ते उंदरांना निघाले नाहीत आणि त्यांना मोडही आले नाहीत.

"हे तरी वाचले," खापरी म्हणाली.