‘तपासू नका’ ही खूण

एका महाविद्यालयात एकदा एक वृद्ध बाई संगणक विभाग सांभाळीत असत. कुठल्या वर्गात न बसता, यंत्रं उघडून उघडूनच त्या शिकल्या होत्या. त्यांच्या हाताखाली एक शिष्य आला. बुद्धीने तल्लख, पण उतावळा.

महाविद्यालयाचं वायफाय नुकतंच सुरक्षित केलं होतं. विद्यार्थ्यांची उपकरणं मात्र आवळ्याभोपळ्याची मोट: कुणाचं विंडोज, कुणाचा आयफोन, कुणाचं लिनक्स. नेटवर्क खरंच आपलं आहे का, हे त्याच्या प्रमाणपत्रावरून, म्हणजे त्याच्या डिजिटल ओळखपत्रावरून, पारखायचं. काही यंत्रांत ते सहज जमे, काहींत प्रमाणपत्र हाताने बसवावं लागे. त्या अवघड यंत्रांसाठी शिष्याने सूचनांच्या कागदावर पळवाट लिहिली: ‘प्रमाणपत्र तपासू नका’ यावर खूण करा. दोन दिवसांत चाळीस जणांची रांग ओसरली. शिष्य खूश.

तिसऱ्या दिवशी चार वाजता मुलाण्यांची तरन्नुम धापा टाकत आली. हातात भावाचा जुना लिनक्सचा लॅपटॉप, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज पाचच्या आत भरायचा. शिष्याने ती खूण केली. तरन्नुम पासवर्ड टाकणार, तोच बाईंनी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"अहो बाई, तासाभरात मुदत संपतेय तिची!"

तरन्नुमचे डोळे भरून आले.

"रडू नको गं. आणि तू रे, तुझा फोन तुझ्याच कागदाबरहुकूम जोडलायस ना? वायफाय बंद करून पुन्हा लाव." असं म्हणून बाईंनी खणातली वायफाय सोडणारी एक छोटी डबी आपल्या संगणकाला जोडली.

"हे बघा, लागलं की लगेच!"

बाईंनी पडदा त्याच्याकडे वळवला. त्यावर त्याचं नाव होतं, खाली त्याचा पासवर्ड.

"लागलं ते या डबीला. आपल्या नेटवर्कचं नाव मी तिला दिलं, बस्स. दारावरची पाटी कुणीही रंगवतो, बाळा. विंडोजवाल्याला तू पारखून आत जायला शिकवलंस, आणि हिला म्हणालास, डोळे मीट नि शीर. का? तर हिचं यंत्र तुला येत नाही. न येण्यात लाज नाही; मलाही येत नव्हतं. पण याच पासवर्डावर हिची मेल उघडते. उद्या कुणी हिच्या नावाने अर्ज मागे घेतला, तर तोंड दाखवशील हिला?"

शिष्याने लॅपटॉप पुन्हा उघडला. प्रमाणपत्र उतरवलं, सर्व्हरचं नाव अक्षर अक्षर तपासून भरलं. दोनदा फसलं, तिसऱ्यांदा जुळलं. पाचला वीस मिनिटं असताना अर्ज गेला.

"म्हातारा असला तरी चालतो की लॅपटॉप!" तरन्नुम हसली.

"म्हाताऱ्यांना नावं ठेवायची नाहीत," बाई डाफरल्या.

ती गेल्यावर शिष्याने सूचनाफलकावर नवा कागद लावला: ‘ज्यांना मी ती खूण करायला सांगितली, त्यांनी पासवर्ड बदलून पुन्हा यावं. चूक माझी आहे.’

बाईंनी तो वाचला, आणि त्याच्या टेबलाशी दुसरी खुर्ची ओढून घेतली.