ठकूची पहिली घोडी

घोडे माणसांशी बोलायचे, तेव्हाची गोष्ट. घोडेबाजारात शेवंता आपल्या पाच वर्षांच्या ठकूसाठी घोडा शोधत होती. एक पांढरा घोडा नाचत पुढे आला.

"ताई, मला घ्या. वाऱ्यासारखा पळतो."

"आणि पोर घसरली तर?"

"पडल्याशिवाय कोण शिकतं?"

शेवंता त्याच्याकडे पाठ करून वळली. तिने शेजारच्या म्हाताऱ्या घोडीला विचारलं, "तू काय करशील गं?"

"ती घसरायला लागली की थांबेन."

पांढरा हसला. "थांबायला घोडा कशाला? ओटा घ्या की."

तेवढ्यात ठकू घोडीच्या पोटाखाली शिरून चिंचोके वेचू लागली. माशी झटकायला उचललेला पाय घोडीने तसाच वर धरला.

"बाई, आधी लेकीला काढा. मग मी पाय टेकवते."

शेवंताने ठकूला बाहेर ओढलं आणि त्याच घोडीवर बसवलं.